अत्तारबाईंचा पत्रा

समोरच्याचं बोलणं संपलं की अत्तारबाई लगेच बोलत नसत. जरा थांबत, आणि मगच उत्तर देत. पुण्यात ही सवय फार अडचणीची. इथे दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू केलं नाही, तर आपल्याला काही म्हणायचंच नाही असं लोक धरून चालतात. भाजीवाल्या मावशींना वाटे, बाईंना कमी ऐकू येतं. त्या भाव दोनदा ओरडून सांगत. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष विचारत, “कोणाची हरकत?” आणि बाई थांबलेल्या दिसल्या की “म्हणजे नाही,” असं म्हणून पुढच्या विषयाकडे वळत. मग मागच्या खुर्चीवरून शांत आवाज येई, “आपलं झालं असेल तर माझं सुरू करते. हरकत आहे.”

ही सवय रेडिओची होती. बाई हौशी रेडिओवाल्या होत्या. सरकारी परवाना काढून, घरातल्या यंत्रावरून जगभरच्या तशाच हौशी लोकांशी गप्पा मारायच्या, हा त्यांचा छंद. त्यात एका वेळी एकच जण बोलू शकतो. आपलं बोलून झालं की बटण सोडायचं आणि मध्ये थोडी जागा ठेवायची. “कोणीतरी लांबून, कमी ताकदीनं हाक मारत असतं,” बाई म्हणत. “आपण सलग बोलत सुटलो तर त्या बिचाऱ्याला आत कसं येता येणार?”

त्यांचे वडील शनिवार पेठेत अत्तर आणि उदबत्त्या विकत. बाई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत असताना त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. चौकशीला घरी हवालदार आला. मुलीला वायरलेस कशाला हवा, हे त्याला काही केल्या उमजेना. “कोणाशी बोलणार?” त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, “जो उत्तर देईल त्याच्याशी.” हवालदारानं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी त्याच्या मनगटाला मोगऱ्याचं अत्तर लावलं आणि म्हणाले, “साहेब, घरात तिच्याशी कोणी वाद घालत नाही, म्हणून तिला बाहेरची माणसं लागतात.” परवाना मिळाला. पुढे बाई एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागल्या, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीच्या सुमाराला कोथरूडला आमच्या शेजारचा फ्लॅट घेऊन राहायला आल्या.

मी कथक शिकवते. आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच माझा क्लास. एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात तबल्याचं यंत्र आणि खिडकीत घुंगरांच्या पिशव्या. बाई राहायला आल्या त्याच आठवड्यात त्यांनी दार वाजवलं. मुलींच्या पायांच्या आवाजाबद्दल तक्रार असणार, असं धरून मी माफीची वाक्यं तयारच ठेवली होती.

“तुमचा त्रिताल माझ्या रेडिओत येतो,” बाई म्हणाल्या.

“आवाज कमी करते, बाई.”

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “आवाज नाही हो. गुरगुर येते. सोळा मात्रांची. ताल चांगला आहे, अ‍ॅडॅप्टर वाईट आहे.”

त्यांनी पदराआडून एक काळं कडं काढलं, तबल्याच्या यंत्राची वायर त्यातून चार वेढे देऊन ओवली आणि घरी जाऊन ऐकून आल्या. “गेली,” म्हणाल्या. “आता कितीही नाचा.” तिथून आमची ओळख वाढली. पुढे ईदला शीरखुर्म्याचं पातेलं इकडे आणि दिवाळीला चकल्यांचा डबा तिकडे, असा रस्ता पडला. त्या मला ‘अगं नंदा’ म्हणू लागल्या आणि मी रविवारी सकाळी क्लास नसला की त्यांच्या रेडिओच्या खोलीत चहाचा कप घेऊन बसू लागले. ऐकायला परवानगी होती, बोलायला नव्हती. “परवाना नसलेल्या माणसानं माइकसमोर खोकायचंसुद्धा नाही,” असा त्यांचा दंडक होता. एकदा मला खरोखर ठसका लागला, तर त्यांनी बोटानं दार दाखवलं.

त्या खोलीत मी प्रथम गणूभाऊंचं नाव ऐकलं. गणूभाऊ मॉरिशसचे. साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. त्यांचे पणजोबा कोकणातून ऊस तोडायला बोटीनं तिकडे गेले आणि तिथलेच झाले. बाईंची आणि त्यांची गाठ तरुणपणी लघुलहरींवर पडली होती. परक्या देशातून मराठी ऐकून बाई चकित झाल्या, आणि पुण्याच्या अत्तारांकडून इतकं शुद्ध मराठी ऐकून गणूभाऊ त्याहून जास्त. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. तरी तीस वर्षांहून जास्त काळ दर रविवारी गप्पा चालत. ते बाईंना ‘बाय’ म्हणत. उद्याला ते ‘फाल्यां’ म्हणत, आणि असा एखादा शब्द कानावर पडला की बाई तो दिवसभर तोंडात घोळवत. “इतकी वर्षं ‘उद्या’ म्हणतोय आपण,” त्या मला म्हणत, “पण त्यांच्या ‘फाल्यां’मध्ये सकाळ झाल्यासारखी वाटते.”

मग कोथरूड बदललं. घरोघरी नवे दिवे आले, चार्जर आले, लिफ्टला नवी यंत्रणा आली, आणि बाईंच्या रेडिओत नुसती घरघर भरली. तेवढ्यात सोसायटीनं गच्चीवर सोलरचे पत्रे बसवले आणि बाईंची अँटेनाची लांबलचक तार उतरवावी लागली. गणूभाऊंचा आवाज आधी अंधूक झाला आणि एका रविवारी आलाच नाही.

“फोन करा की,” मी म्हटलं.

“केला,” बाई म्हणाल्या. “वाईट गेला.” त्यांनी हसत सगळं सांगितलं. दोघांनाही सवय अशी, की समोरचा ‘आता तुम्ही’ असं म्हणेपर्यंत बोलायचं नाही. त्यामुळे दोघंही गप्प. मग दोघं एकदम बोलले. मग दोघांनीही माफी मागितली. शेवटी गणूभाऊ म्हणाले, “बाय, ह्यात काय मजा नाय,” आणि दोघांनी सुटल्यासारखा फोन ठेवला.

पुढची बातमी गणूभाऊंच्या मुलानं माझ्या फोनवर कळवली; बाईंनी त्याला माझा नंबर देऊन ठेवला होता. तिकडच्या हौशी मंडळींनी गणूभाऊंना उपग्रहाचा सेट जमवून दिला होता. आकाशात एका जागी स्थिर दिसणारा एक उपग्रह आहे, आणि त्यात हौशी लोकांसाठी थोडी जागा राखलेली आहे. त्याच्याकडे लहानशी तबकडी रोखली की घरघर आड येत नाही, लांब तारही लागत नाही. भाऊ दर रविवारी तिथे हाक मारणार होते. पण मुलानं आणखी एक गोष्ट लिहिली होती. भाऊंच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशन ठरलं होतं, आणि नंतर आवाज राहील की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते.

बाईंनी हा निरोप माझ्याच फोनवर वाचला. फोन परत देत म्हणाल्या, “चल, तबकडी आणू.”

जुन्या बाजारातून टीव्हीची एक तबकडी आली आणि बाईंच्या बाल्कनीत बसली. त्यावरून त्यांचं नाव पडलं ‘डिशवाल्या बाई’. खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेला, खराडीच्या आयटी कंपनीतला एक मुलगा हे नाव ऐकून वर आला आणि फार नम्रपणे म्हणाला, “मॅम, मंथली डबा देता का? व्हेज चालेल.” बाई थांबल्या. मग म्हणाल्या, “बाळा, माझ्या डिशमध्ये फक्त आवाज येतो. पण बस, पोहे करते.” तो नंतर बऱ्याच रविवारी पोह्यांना आला.

ऐकण्याची सोय लगेच झाली. टीव्हीच्या तबकडीचाच डोळा त्यासाठी पुरला. बोलण्यासाठी मात्र तबकडीच्या तोंडाशी वेगळा अँटेना लागतो, आणि तो बाईंनी स्वतः करायचं ठरवलं. हाच तो पत्रा. तांबट आळीतून तांब्याचा पत्रा आला. त्यातून तळहातात मावेल एवढा चौकोन कापायचा, दोन समोरासमोरचे कोपरे किंचित छाटायचे, आणि खाली दुसरा मोठा पत्रा ठेवून मध्ये बोटाच्या पेराहून कमी फट राखून तो बसवायचा. खालून एक पिन येते, ती चौकोनाला डाख देऊन जोडायची. दिसायला अगदी सोपं.

“पिन कुठे जोडायची, हीच सगळी गोम आहे,” बाई म्हणाल्या. “रेडिओतून निघालेली शक्ती केबलमधून इथवर येते. केबलचा एक स्वभाव असतो, पत्र्याचा दुसरा. दोघांचं जुळलं तर शक्ती पत्र्यात शिरते आणि आकाशात जाते. नाही जुळलं तर आल्या वाटेनं परत फिरते आणि रेडिओलाच भाजते.” पत्र्याच्या कडेला पिन लावली तर पत्रा फार अडवतो, अगदी मध्याला लावली तर मुळीच अडवत नाही, आणि हवी ती जागा दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. ती शोधण्यात बाईंचे कितीतरी पत्रे गेले. एक छोटं मीटर होतं, त्यावर किती शक्ती परत आली ते कळे. बाई डाख देत, मीटर पाहत, ‘हं’ म्हणत आणि डाख काढत. माझी नखं घासायची कानस त्यांनी कोपरे घासायला नेली, ती कधी परत आली नाही. भोकं पडलेले पत्रे मी मागून घेतले. अजून आमच्याकडे गरम भांडी त्यांवर ठेवतात, आणि पाहुणे विचारतात, हे कुठल्या प्रदर्शनातून घेतलं?

एका शनिवारी मीटरचा काटा जवळजवळ शून्यावर टेकला. बाईंनी मला हाक मारून दाखवला. “बघ. काहीही परत येत नाही. सगळं गेलं आकाशात.” त्या दिवशी त्यांनी स्वतःहून जिलबी आणली.

रविवारी सकाळी गणूभाऊंचा आवाज आला. स्वच्छ, शेजारच्या खोलीत बसल्यासारखा. थोडा घोगरा. “बाय हाय काय? पुण्याची बाय हाय काय?” बाईंनी माइक उचलला, आपलं संकेतनाव सांगितलं, नमस्कार केला. या उपग्रहाची गंमत अशी, की आपण बोललेलं वर जाऊन परत आपल्यालाच ऐकू येतं, अगदी किंचित उशिरानं. ते ऐकू आलं की समजायचं, आपण पोचलो. बाई कान देऊन बसल्या. काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, मोठ्यानं मारली, पंखा बंद करून मारली. तिकडून भाऊ विचारतच राहिले, “बाय हाय काय?” आणि शेवटी, “बरां, फुडल्या आयतवारी,” असं म्हणून गेले.

मी भाऊंच्या मुलाला फोनवरून कळवलं, की बाईंना ऐकू येतंय, पण त्यांचा आवाज जात नाही. पुढच्या रविवारपासून भाऊंनी वेगळीच रीत सुरू केली. उत्तराची वाट न पाहता ते बोलत बसत. घराभोवतीचा फणस, नातीची शाळा, कारखान्यातल्या जुन्या भांडणांची उजळणी. मध्येच विचारत, “बाय, हसली काय?” बाई खरोखरच हसत, आणि मग माइककडे बघत. मीटर मात्र दर वेळी सांगे, की सगळं उत्तम आहे, काहीही परत येत नाही. बाईंनी केबल बदलली, डाख बदलले, तबकडीची दिशा तपासली. ऑपरेशनची तारीख जवळ येत होती. त्या आठवड्यात मी बाईंना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. “शक्ती जाते. दिशा बरोबर आहे. मग जाते कुठे?” असं त्यांनी मलाच विचारलं, जणू मी ती कुठे ठेवली होती.

बुधवारी संध्याकाळी त्या सुया घ्यायला माझ्याकडे आल्या. मी मुलींना चक्रं शिकवत होते. कथकात डावीकडून गिरकी घ्यायची असते. एक लहान मुलगी गोंधळून उजवीकडे फिरत होती आणि मी तिला ओरडले, “अगं, डावीकडून!” ती रडवेली होऊन आरशाकडे बोट दाखवत म्हणाली, “ताई, पण तिकडच्या सगळ्या उजवीकडूनच फिरतात.”

बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आरशाकडे पाहिलं. आरशातल्या सगळ्या मुली उलट्या फिरत होत्या.

“नंदा,” त्या म्हणाल्या, आणि चक्क मध्येच बोलल्या, “यांना परत फिरव.”

मी मुलींना पुन्हा चक्रं घ्यायला लावली. बाई आरशासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं हसायला लागल्या. मुलीही हसल्या, कारण बाई हसत होत्या. “एवढी वर्षं शिकवलं मी हे!” त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. “एवढी वर्षं!”

मुली गेल्यावर त्यांनी मला समजावलं. त्या पत्र्याचे कोपरे छाटतात ते लहर फिरती व्हावी म्हणून. फिरती लहर पुढे जाताना स्क्रूच्या आट्यांसारखी वळत जाते, आणि आटे उजवेही असतात, डावेही. वरच्या उपग्रहाला उजव्या आट्याची लहर लागते; डाव्या आट्याची आली तर ती जवळजवळ आत शिरतच नाही. बाईंनी पत्रा उजव्या आट्याचाच केला होता. पण तो उपग्रहाकडे बघत नव्हता, तबकडीकडे बघत होता. लहर आधी तबकडीवर आपटत होती आणि मग वर जात होती. “तबकडी म्हणजे आरसाच ना गं! उजवं तिथे आपटलं की डावं होऊन निघणार. मीटरला त्याचं काय? त्याला फक्त परत येणारं दिसतं.”

“मग आता नवा पत्रा?” मी विचारलं. ऑपरेशन सोमवारी होतं.

बाई चपला घालून निघाल्याच. घरी जाऊन त्यांनी डाख काढला, चौकोन उचलला आणि तव्यावरची भाकरी उलटावी तसा तो उलटा करून पुन्हा त्याच पिनेवर बसवला. छाटलेले कोपरे आता दुसऱ्या बाजूंना आले होते. उजव्याचं डावं झालं. पिनेची जागा तीच राहिली, त्यामुळे मीटरचा काटाही जागचा हलला नाही.

रविवारी भाऊ आले, आणि नेहमीसारखे फणसाबद्दल बोलू लागले. ते दम घ्यायला थांबले तेव्हा बाईंनी बटण दाबलं. “गणूभाऊ, पुण्याहून बाय बोलतेय.” आणि खोलीत, किंचित उशिरानं, त्यांचाच आवाज वरून परत आला. बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग भाऊ म्हणाले, “बाय, किती म्हातारी झाली गो तू.”

“तुम्ही काय तरुण राहिलात?” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी ते काय बोलले म्हणाल, तर काहीच नाही. फणसाची भाजी कच्च्याची बरी की गऱ्यांची, यावर वाद झाला. बाईंनी कच्च्याची बाजू घेतली. ऑपरेशनचा विषय दोघांनीही काढला नाही, शेवटी मात्र भाऊ म्हणाले, “बरां, फाल्यां दवाखान्यात जातंय,” आणि बाई म्हणाल्या, “जा. मी इथेच आहे.”

भाऊ त्यातून बरे झाले. आवाज मात्र गेला. मुलाचा निरोप मी वाचून दाखवला. बाई उठल्या, कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पितळी चावी काढली आणि चिंचेनं घासायला बसल्या. तार खात्यात असते तशी, टिकटिक करून संदेश पाठवायची ती चावी होती. “हात शाबूत आहेत ना त्यांचे?” त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी तिकडून टिकटिक आली, रोमन अक्षरांतल्या मराठीत. बाई ऐकत एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत गेल्या. भाऊंनी पाठवलं होतं, ‘गऱ्यांचीच बरी.’

त्यानंतर मी ही टिकटिक शिकून परवाना काढायचं ठरवलं. हे कागदावर शिकायचं नसतं, असं बाईंचं मत होतं. एकेक अक्षर त्यांनी मला बोलासारखं म्हणायला लावलं. टिकटिकीच्या लकबीवरूनही माणूस ओळखू येतो, त्या लकबीला त्या ‘हात’ म्हणत. लय मी पायानं धरू शकत असे, हातानं चुकत असे. “पन्नास मुलींना ताल देतेस आणि एक बोट आवरत नाही?” असं त्या म्हणत. परीक्षेच्या दिवशी माझ्याबरोबर सगळी तरुण पोरं होती. निकाल लागला तेव्हा बाईंनी माझ्या मनगटाला मोगऱ्याचं अत्तर लावलं आणि म्हणाल्या, “आता खोकलीस तरी चालेल.”

पण मी स्वतः हाक मारायच्या आधीच बाई गेल्या. दोन दिवस ताप, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी झोपेतच. साताऱ्याहून भाची आली, तिनं पुस्तकं नेली आणि रेडिओ, घराच्या किल्लीसकट, माझ्याकडे दिला. तबकडी काढायची का, असं मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, “राहू दे हो. सभेत हरकत घेणारं आता कोण आहे?” आणि चष्मा पुसत जिन्याकडे गेले.

भाऊंच्या मुलाला मी कळवणार होते. पण ही बातमी फोनवर द्यायची नाही, असं मला वाटलं. रविवारी मी बाईंच्या खुर्चीवर बसले. माझं संकेतनाव पाठवलं, मग नाव, मग पुण्याहून नंदा असं. आणि मग सावकाश, एकेक अक्षर, बाई गेल्याचं पाठवलं. मध्ये दोनदा चुकले.

चावी सोडून मी कान दिला. मग टिकटिक सुरू झाली. मी अक्षरं मोठ्यानं म्हणत गेले. भाऊंनी पाठवलं होतं, ‘हात बायचा हाय. पण ती चुकत नव्हती. परत पाठव.’

मी डोळे पुसले आणि पहिल्या अक्षरापासून परत पाठवायला सुरुवात केली.